जर काय?

रायपूर
४ ऑगस्ट २०२५

गोदावरी सिस्टर,

नमस्कार. कानाचं नवीन मशीन आणलं तरी फोनवर तुम्हाला नुसती खरखर ऐकू येते, असं तुमच्या मुलाने, पुष्करने, कळवलं. म्हणून कागद-पेन घेऊन बसले. माझं अक्षर तुम्ही आठ वर्षं केसपेपरवर वाचलंय, तेव्हा तक्रार चालणार नाही.

वॉर्ड ठीक आहे. तुम्ही निवृत्त होऊन नाशिकला गेलात त्याला चार वर्षं झाली, तरी औषधांच्या कपाटाच्या किल्लीला सगळे अजून 'गोदावरी सिस्टरची किल्ली'च म्हणतात. परवा ब्राह्मणपाऱ्यात एका पेशंटच्या घरी गेले होते. तुमच्या गल्लीतल्या मंदिरासमोर आता स्कूटर लावायलाही जागा नाही. तुमच्या चुलतभावाने, नरहररावांनी, आग्रहाने चहा पाजला आणि पूर्ण वेळ हिंदीत बोलले. मी मराठीत, ते हिंदीत. दोघांचंही छान चाललं होतं.

आता कामाचं. हॉस्पिटलच्या वेबसाइटसाठी प्रत्येक डॉक्टरने आपली माहिती द्यायची आहे: कारकीर्द आणि संशोधनाचे विषय, पंधरा ओळींत. कारकीर्द तीन ओळींत आटोपली. मिरजेला एमबीबीएस, पुण्याला बालरोग, मग लहान मुलांचे रक्ताचे आजार आणि कॅन्सर, आणि ऑगस्ट २०१३ पासून रायपूर. संशोधनाचे विषय दोन. एक सिकलसेलच्या मुलांचं दुखणं. दुसरा तुम्हाला पाठ आहे: केमो चालू असलेल्या मुलाला घरी ताप आला तर ते किती वेळात आपल्यापर्यंत पोचतं. पुढचा रकाना आहे, 'हा विषय का निवडला?' तिथे चार दिवस पेन अडकलंय.

म्हणून विचारते. तो 'जर'चा फोन कुठल्या तारखेला आला होता? तीजाच्या, आपल्या हरतालिकेच्या, आसपास, एवढंच मला आठवतं. त्या दिवसाबद्दल तुम्हाला आणखी काही आठवत असेल तर तेही लिहा.

आणखी एक. मुलांच्या रक्तविकारांचा वेगळा विभाग सुरू होतोय आणि त्याची प्रमुख मी व्हावं असं वरच्यांचं म्हणणं आहे. तीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. बघू.

तुमची
ज्ञानदा

*

नाशिक
११ ऑगस्ट २०२५

आदरणीय डॉक्टरबाईंना गोदावरीचा नमस्कार,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि 'बघू' या शब्दाशी येऊन दोन्ही वेळा थांबले. बघू काय बघू? ज्या बाईने आठ खाटांच्या वॉर्डाच्या तीस खाटा करून घेतल्या, तिने बघू म्हणायचं? पेढे तयार ठेवा.

मी बरी आहे. इथे सगळं आहे, सूनबाई जीव लावते, पण बोलायला माणूस नाही. मी बोलले की शेजारणी म्हणतात, "आजी, तुम्ही हिंदी का बोलता?" मी म्हटलं, "अवो, मराठीच तर बोलून राहिले मी!" हसतात. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. मराठी थोडी उन्हाने सुकली असेल, पण आहे ती मराठीच.

आता तुमचा 'जर'. तारीख ७ सप्टेंबर २०१३, शनिवार, तीजाच्या आदला दिवस. पक्की आठवते, कारण तीजासाठी अर्ध्या सिस्टर माहेरी गेल्या होत्या, वॉर्डात माणूस नव्हतं, म्हणून फोन उचलायची पाळी डॉक्टरवर आली. तुम्हाला रायपुरात येऊन तीन आठवडे झालेले. दोन वाजता मी ड्यूटीवर आले तर तुम्ही सगळ्यांना गोष्ट सांगत होता. सकाळी एका बाईचा फोन आला, मागे कारखान्याची घरघर, ती म्हणाली, "जर." तुम्हाला वाटलं कोणी विदर्भातली बाई वाक्य सुरू करून राहिली. तुम्ही विचारलं, "जर काय?" ती म्हणाली, "हव, जर." तुम्ही म्हटलं, "काय हवं?" ती म्हणाली, "हव." तुम्ही पुन्हा, "अहो बाई, जर काय? जर... पुढे बोला!" आणि फोन कटला. तुम्ही म्हणालात, "सिस्टर, इथे लोक अर्धं वाक्य बोलायला फोन करतात."

मी म्हटलं, "काहून हासून राहिल्या तुम्ही? अवो डॉक्टरबाई, जर म्हंजे ताप! अन् हव म्हंजे हो! कोन्या पोराले ताप आला?"

तुमचा चेहरा मी आजही विसरले नाही. पण काय सांगू, आता आठवलं की हसू येतं. हेच लिहा ना वेबसाइटवर. लोक वाचतील, हसतील आणि लक्षातही ठेवतील. सगळं गोड झालं ना शेवटी! त्या एका शब्दाने तुम्हाला आमची बोली शिकवली. एवढं करून बारा वर्षांत तुमच्या तोंडून एकदाही 'हव' निघालं नाही, अजून 'हो'च म्हणता. मिरजेचं पाणी.

माझ्या सगळ्या पोरांना आशीर्वाद सांगा.

तुमची
गोदावरी

*

रायपूर
१८ ऑगस्ट २०२५

गोदावरी सिस्टर,

तारखेबद्दल आभार. बाकी पत्र वाचून दोन दिवस खणात टाकलं. रागावले होते. आता राग गेलाय, म्हणून लिहिते. तुम्हाला दुखवायचं नाही, पण बारा वर्षं जे बोलले नाही ते आता बोलायलाच हवं.

तुम्ही लिहिलंत, सगळं गोड झालं. सिस्टर, काय गोड झालं?

तुम्ही अर्थ सांगितल्यावर मी रजिस्टर घेऊन बसले. केमो घेऊन घरी गेलेली बावीस मुलं होती. ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन लावले. काहींनी उचलले, काहींनी नाही, चौघांचे नंबरच नव्हते. केमोतल्या मुलाला ताप आला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक गेलं पाहिजे, आणि माझे तर हसण्यातच तीन तास गेले होते. पाच वाजता मिरजेहून माझ्या वडिलांचं कळलं आणि मी संध्याकाळची गाडी पकडली. ते तुम्हाला ठाऊक आहे. तेरा दिवसांनी परत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी ओपीडीच्या यादीत विशालच्या नावापुढे शेरा होता: घरी ताप येऊन मृत्यू, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. सहा वर्षांचा होता. मला पेनाचं टोपण मागायचा आणि परत द्यायचा नाही.

तो फोन त्याच्या आईचा होता, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. जिला फोनवर कोणी धड उत्तर दिलं नाही, ती बाई पोराला घेऊन कशाला येईल? तुम्हाला विचारायचं अनेकदा मनात आलं. हिंमत झाली नाही. तुम्हीही कधी विषय काढला नाहीत. मला वाटलं, तुम्ही मला सांभाळून घेताय. त्याबद्दल मी मनातल्या मनात तुमचे आभार मानत आले.

मग मी वही घेतली. पोट दुखणं, उलटी, अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाला इथे काय म्हणतात ते तुमच्याकडून लिहून घेतलं. आपलं लाल ताप-कार्ड आलं, ज्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'जर' आहे. ताप आल्यापासून पोचायला पूर्वी सरासरी नऊ तास लागायचे, आता चारच्या आत आलेत. परिषदांमध्ये टाळ्या मिळतात. प्रत्येक वेळी वाटतं, या टाळ्यांखाली एक पोरगं आहे.

म्हणून प्रमुखपद घेणार नाही. नकाराचं पत्र लिहून ठेवलंय, तीस तारखेला देईन. जिने एका आईचा फोन हसण्यावारी नेला तिच्या नावाची पाटी मुलांच्या वॉर्डाबाहेर लागू नये, एवढंच मला वाटतं. तुमच्यावर राग नाही. तुमच्याइतकं मला इथे कोणी शिकवलं नाही.

ज्ञानदा

*

नाशिक
२२ ऑगस्ट २०२५, स्पीड पोस्टने

चि. ज्ञानदा,

आज पहिल्यांदा तुला एकेरीत लिहिते. डॉक्टरबाई म्हणून हे पत्र माझ्याच्याने लिहिलं जाणार नाही. पुष्करला पोस्टात पिटाळते आहे, आधी हे वाच, मग बाकीची कामं कर.

तो फोन विशालच्या आईचा नव्हता. तो राधिकाच्या आईचा होता.

राधिका म्हणजे तुझीच राधिका, सिलतऱ्याची. तेव्हा पाच वर्षांची होती, आता सतरा. दर वर्षी तू जिची उंची मोजतेस आणि मागच्या वर्षी जिच्या दहावीच्या निकालाचा पेढा मला कुरियरने पाठवला होतास, ती.

आता सगळं सांगते. राधिकाची आई सुखमती. नवरा सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात. तीजा होता, तिचा भाऊ मोटरसायकल घेऊन तिला माहेरी न्यायला आला होता. बॅग भरलेली, नवी साडी ठेवलेली, गाव लांब, बेमेतऱ्याच्या पुढे. निघता निघता पोरीचं अंग तापलं. घरात सगळे म्हणाले, थोडासा तर आहे, गावी जाऊन बघू. सुखमतीला चैन पडेना म्हणून तिने कारखान्याच्या फाटकाशी जाऊन आपल्या वॉर्डाला फोन केला आणि म्हणाली, "नोनी ल जर हे, दीदी." पोरीला ताप आहे, एवढंच; पण घरघरीत तुला फक्त 'जर' ऐकू आलं. तू विचारलंस, "जर काय?"

ज्ञानदा, छत्तीसगढीत 'जर का?' म्हणजे 'ताप का?' तिला वाटलं, डॉक्टर विचारून राहिली. ती म्हणाली, "हव, जर." मग तू पुन्हा ओरडलीस, "अहो बाई, जर! जर!" आणि फोन कटला. ती भावाला म्हणाली, डॉक्टर दीदी एवढी जर-जर ओरडली म्हणजे मोठीच गोष्ट आहे, गावी नाही, सीधा रायपूर. भावाने मोटरसायकल वळवली. तासाभरात ते कॅज्युअल्टीत होते. तिथे लगेच सलाइन लागलं. आपल्या वॉर्डात खाट रिकामी नव्हती म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावर ठेवलं. आपण खाली एकेक नंबर फिरवत होतो, तेव्हा पोरगी वर अँटिबायोटिक घेऊन झोपली होती.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, पोरीला आपल्याकडे आणलं तेव्हा. सुखमती तीजाचा निर्जळी उपास करून खाटेजवळ बसली होती. माझा हात धरून म्हणाली, "डाक्टर दीदी ह फोन म जर-जर कहिस, तभे मोर नोनी बाचिस." दीदी फोनवर जर-जर म्हणाली म्हणून माझी पोर वाचली. मी मान खाली घातली. हसू पण येऊन राहिलं, रडू पण. ती तुला शोधत होती, पण तू गाडीत होतीस. तू परत येईपर्यंत पोरगी घरी गेली होती.

विशालचं वेगळं. त्याच्या घरून कोणी फोन केलाच नाही. त्यांच्या गावात तेव्हा फोन लागत नव्हता. वैद्याकडे दोन दिवस गेले. त्याचे बाबा नंतर कागद घ्यायला आले, तेव्हा मीच त्यांच्याजवळ बसले होते.

तू विचारशील, मी बोलले काहून नाही. दोन कारणं आहेत आणि दुसरं चांगलं नाही. पहिलं, मला वाटलं तुला माहीत आहे. राधिकाच्या फाइलीत त्या तारखेची भरती लिहिली आहे, तू ती फाइल शंभर वेळा उघडली असशील. पण त्यात फोनचं कोण लिहितं! दुसरं कारण हे की, तू वही घेऊन माझ्यामागे फिरायला लागलीस. माझ्या सगळ्या नोकरीत कोणत्याच डॉक्टरने मला शब्द विचारला नव्हता. मनात आलं, हिला फोनची मजा सांगितली तर हसेल आणि वही ठेवून देईल. शिकून राहिली तर शिकू दे. मला काय माहीत तू मनात एक मेलेलं लेकरू घेऊन शिकत होतीस! आठ वर्षं एका खोलीत चहा प्यायलो आपण. मला माफ कर, पोरी. माझा कान फोनला बहिरा आहे हे ठीक, पण तेव्हा तर चांगला होता.

तुझ्या त्या वहीने आणि कार्डाने किती पोरं वेळेत पोचली ते तू मोजलंस. मी मोजत नाही, मी त्यांचे चेहरे आठवते. त्या सगळ्यांच्या वतीने एक म्हातारी सिस्टर तुझे उपकार मानते.

तीस तारखेला काय करणार आहेस, ते मला एका शब्दात लिही. 'बघू' नको.

तुझी
गोदावरी

*

रायपूर
३१ ऑगस्ट २०२५

ती. गोदाताई,

तुम्ही एकेरीवर आलात, म्हणून मीही सिस्टर सोडलं.

तुमचं पत्र सोमवारी आलं. ओपीडी चालू होती. मी ते पाकीट फोडून उभ्यानेच वाचलं आणि समोरच्या मुलाच्या आजोबांना "दोन मिनिटं" म्हणून आत गेले. दोन मिनिटांची वीस झाली. आजोबांनी बाहेर सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरच्या घरी काही झालं वाटतं, गलका करू नका. मग मी राधिकाची फाइल काढली. ७ सप्टेंबर, दुपारी सव्वाबारा, ताप एकशे दोन पॉइंट चार, अँटिबायोटिक साडेबारा. तुम्ही म्हणता तसं, शंभर वेळा पाहिलेलं पान. आपण फोन फिरवायला बसलो त्याच्या दीड तास आधीचं.

सुखमती तीजा करून माहेराहून परतायची होती. गुरुवारी तिला आणि राधिकाला बोलावून घेतलं. राधिका मला आता खांद्याला लागते. तिला बीएस्सी नर्सिंगला जायचंय. मी तिची उंची मोजली, कारण तेवढ्या वेळात मला धीर गोळा करायचा होता. मग सुखमतीला खरं ते सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी मला तुझं बोलणं कळलंच नव्हतं. माझ्या भाषेत 'जर' म्हणजे ताप नाही. मी तुला वाक्य पूर्ण कर म्हणत होते. नंतर मी हसलेसुद्धा.

सुखमतीने डोक्यावरचा पदर नीट केला. तिला माझं अर्धंच कळलं असावं असं वाटून मी पुन्हा सांगायला लागले, तर तिने मला थांबवलं.

"समझ गेंव, दीदी," ती म्हणाली. "तभो ले. तुमन जर-जर कहेव, त मैं दउड़त आएंव. नइ कहितेव, त मइके चल देतेंव."

तरीही, दीदी. तुम्ही जर-जर म्हणालात म्हणून मी धावत आले. नसतं म्हटलं तर माहेरी निघून गेले असते. मग तिने पिशवीतून तीजाच्या फराळाचा, ठेठरी-खुरमीचा डबा काढून टेबलावर ठेवला. राधिका म्हणाली, "मम्मी हर साल लाती है, आप हर साल फ्रिज में रख देती हो. आज खाइए." मी तिथेच खाल्ली. रडत खाल्लेली ठेठरी खारट लागते की मुळातच खारट असते, ते तुम्ही सांगा.

एक मात्र लिहिते, कारण ते तुमच्यापासून लपवायचं नाही. विशाल डोक्यातून गेलेला नाही आणि जायलाही नको. मी त्याला मारलं नाही, हे आता कळलं. त्याचं देणं वाटतं ते वेगळं. त्याच्या गावात फोनच लागत नव्हता. माझं सगळं संशोधन ज्यांच्या घरून फोन येतो त्यांच्यासाठी झालं. जे फोनच करत नाहीत, त्यांच्याकडे मी अजून पोचलेच नाही. पुढची वही तिथली.

म्हणून वेबसाइटच्या रकान्यात, 'हा विषय का निवडला?' खाली मी दोन ओळी लिहिल्या. पहिली: रायपुरात आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका आईने मला फोन केला आणि मला तिची भाषा येत नव्हती. दुसरी: तिच्या भाषेचे शब्द मला सिस्टर गोदावरी यांनी शिकवले. माहिती जमा करणारा म्हणाला, "मॅडम, इसमें तो कोई डिग्री नहीं है." मी म्हटलं, डिग्र्या वरच्या तीन ओळींत आहेत.

आणि काल, तीस तारखेला, सकाळी साडेनऊला वॉर्डाचा फोन वाजला. सिस्टर राउंडला होत्या, मीच उचलला. मागे तीच कारखान्याची घरघर.

"दीदी, नोनी ल जर नइ हे," सुखमती म्हणाली. "अइसनेच फोन करे हंव."

ताप नाही. असाच फोन केलाय. बारा वर्षं मी त्या 'जर'च्या पुढचं वाक्य ऐकायची वाट बघत होते, गोदाताई. ते एवढंच होतं.

फोन ठेवून मी वरच्यांकडे गेले. नकाराचं पत्र खिशातच होतं, ते खिशातच राहिलं. तुम्ही उत्तर एका शब्दात मागितलंत. मिरजेच्या पाण्याला जमेल तसं लिहिते, उच्चार सुधारायला तुम्ही एकदा या.

हव.

तुमची
ज्ञानदा